पिंपळगावची पोरं हैद्राबादला

मास्तर लोक एकत्र बसले की पगाराच्या गप्पा लवकर आटोपतात, कारण पगारच लवकर आटोपलेला असतो! मग निघतात किस्से. एकानं इन्स्पेक्टर साहेबांचा सांगितला की दुसऱ्याला परीक्षेतला आठवतो, तिसरा शाळेत शिरलेल्या रेड्याचा सांगतो. माझी पाळी आली की मात्र सगळे एकच मागतात, "गुरुजी, ती हैद्राबादची सहल होऊन जाऊ द्या!" सहल एकच. पण एक गोधडी ओढावी आणि अख्खी चळत अंगावर यावी, तसे तिचे किस्से येतात. आता तुम्ही विषय काढलाच आहे तर ऐका.

काळ निजामाच्या राज्याचा. कुंभार पिंपळगावच्या शाळेत मी नवा नवा मास्तर होतो. शाळेचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, दस्तगीर साहेब. मूळचे खुद्द हैद्राबाद शहरातले. काळी शेरवानी, लाल रूमी टोपी, आणि दरारा असा की साहेब वर्गाच्या दाराशी नुसते खोकले तरी पोरं आपोआप पाढे म्हणायला लागायची. गावात लहानथोर सगळे त्यांना 'सदर साहेब' म्हणत.

एकदा साहेबांनी तलावाचा धडा घेताना विचारलं, "तालाब किसने देखा है?" पोरांनी सांगितलं, पावसाळ्यात गावामागच्या खड्ड्यात साचतो तो आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. साहेबांनी पुस्तक मिटलं. "इनको हुसेनसागर दिखाना पड़ेगा!" झालं. पोरांना रेल्वेनं हैद्राबादला न्यायचं, मुक्काम करायचा, शहर दाखवून परत आणायचं, असं ठरलं.

गावात पटकी आल्यासारखी चर्चा सुरू झाली. त्या गावातल्या निम्म्या लोकांनी परतूर स्टेशनाच्या पलीकडं पाऊल टाकलेलं नव्हतं. गावानं आम्हाला साफ सांगितलं, एक जरी पोरगं हरवलं तर बाकीची सगळी शाळेतून काढून गुरांमागं पाठवू. म्हणजे सहलीला पोरं निघाली होती, पण पणाला शाळा लागली होती!

*

मारुतीच्या पारावर पालकांची सभा भरली. पहिला सवाल तुळशीराम पाटलांचा. त्यांचा धाकटा मुलगा बबन आमच्या शाळेत होता.

"सायेब, शहरात घरोघरी कुलपं लावतेत म्हणं. खरं का?"

"बिलकुल!" साहेब अभिमानानं म्हणाले. "हर दरवाज़े को ताला!"

पाटील सभेकडं वळले. "ऐकलं का? आपल्या गावात एकाबी दाराला कुलूप न्हाई. जिथं दरएक दाराला कुलूप, तिथं चोर किती असतील, तुमीच सांगा!"

तेवढ्यात मागून एक म्हातारा उठला. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. "रेल्वे गंगेच्या पुलावरून जाती म्हणतेत. पूल बांधला कुणी?"

साहेबांना वाटलं, चला, सोपा प्रश्न आला. "सरकार ने!"

"मंग ऱ्हाऊ द्या," म्हातारा म्हणाला. "आपली चावडीबी सरकारनंच बांधलीय. गळून राह्यलीय ती!"

तरी एकेक करून होकार मिळत गेला. पोरांनी घरोघरी अन्नत्याग केला होता, तोही बऱ्यापैकी कामाला आला.

*

होकार मिळेना तो एकीचाच. कौसाबाईचा. तिला एकच लेक, नामदेव. वर्गातला सगळ्यात हुशार. तिचा नवरा एका दुष्काळात काम शोधायला शहरात गेला आणि तापानं तिकडंच संपला. ती सभेला आलीच नव्हती. म्हणून सदर साहेब स्वतः तिच्या दारी गेले. सोबत मी.

साहेबांनी रेल्वे, धर्मशाळा, बंदोबस्त, सगळं समजावून सांगितलं. कौसाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सायेब, शहरानं एक घेतला मव्हा. आता दुसरा देऊ व्हय?"

मला वाटलं, संपलं आता. आम्ही परत फिरलो, तर दाराआडून नामदेवाचा हुंदका ऐकू आला.

"थांबा," कौसाबाई म्हणाली. "हे झोपंतबी टेसनाची नावं घेऊन राह्यलंय. परतूर, सेलू, परभणी... न्हाई म्हणलं तर जल्मभर घेत बसंल. न्या त्याला. पर त्याचा हात सोडायचा न्हाई. दुसऱ्या कुणापाशी द्यायचा न्हाई. तुमी सवता धरायचा."

साहेबांनी छातीला हात लावला. "ज़बान दी!"

मला वाटलं, बोलण्याची रीत म्हणून म्हणाले असतील. पण नाही हो. माणूस ज़बानचा पक्का निघाला आणि नामदेवाची पंचाईत झाली!

*

निघायच्या दिवशी सगळं गाव परतूर स्टेशनावर. बैलगाड्यांची रांग लागली होती, जणू वऱ्हाडच निघालंय. शहराचं पाणी पोरांना लागू नये म्हणून एकूण एक आईनं शिदोरीत कांदे दिले होते. एखाद-दुसरा नव्हे, ओंजळी भरभरून! "पाण्याचा घोट घेतला की कांदा खा," ही ताकीद प्रत्येकाला. पोरं आज्ञाधारक. परभणीपर्यंत सगळ्यांचं पाणी पिऊन झालं होतं.

डब्यात आमच्याशिवाय जे प्रवासी होते, ते एकेक करून उतरून दुसऱ्या डब्यात गेले. शेवटी एक जाडजूड शेठ उरले. तेही नाकाला उपरणं लावून उठले आणि साहेबांना म्हणाले, "मियाँ, प्याज का ब्योपार है क्या?"

"नहीं," साहेब म्हणाले, "तालीम का है!"

*

पण या आधी परतूरलाच एक गंमत झाली होती, ती राहिलीच. तुळशीराम पाटील बबनचं बोचकं नीट लावून द्यायला म्हणून डब्यात चढले. बोचकं लावलं, मग बबनला खिडकीपासून आत सरकवलं, मग खिडकीचे गज हलवून पाहिले, मग बाकाखाली वाकून काही जनावर-बिनावर आहे का ते बघितलं. ते उठून उभे राहतात तो गाडी सुटलेली!

पाटलांनी काही आरडाओरडा केला नाही. उलट खुशीत बसले. "चला, सेलूपातुर लेकराला सोबत झाली!" असं म्हणत त्यांनी बबनला मांडीवर घेतलं. बबन मिसरूड फुटायच्या बेताला आलेला, त्याला लाजेनं कुठं बघावं कळेना.

थोडा वेळ गेला. पाटलांचा चेहरा एकदम उतरला. ते मला म्हणाले, "गुरुजी, मव्हे बैल टेसनावर बांधलेत की हो! कुणी नेले तर? पाणी कोण दावील त्याहिला?"

सेलू येईपर्यंत त्यांनी बबनकडं एकदाही पाहिलं नाही. गाडी थांबायच्या आत उतरले आणि परतूरच्या दिशेनं रुळांच्या कडेकडेनं चालायला लागले!

*

याच पाटलांनी आम्हाला मोटेचा जुना नाडा दिला होता. नाडा म्हणजे विहिरीतून मोट ओढायचा जाडजूड दोर. "पोरांनी ह्याला धरून चालायचं. जो सोडील त्याला भाकर न्हाई!" अशी त्यांची शिस्त. मला ते जरा चमत्कारिक वाटलं. पण हैद्राबादला स्टेशनाबाहेर शहराची गर्दी पाहिली आणि मीच सगळ्यात आधी नाडा सोडवायला घेतला.

चारमिनारच्या बाजारातून आमची मिरवणूक निघाली. पुढं सदर साहेब, त्यांच्या हातात नामदेवाचा हात. मागं नाडा धरलेली पोरं, शेवटी दोराचं टोक कमरेला बांधून मी. टांगे थांबले. दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघायला लागले. चौकातल्या पोलीस जवानानं आम्हाला अडवलं. त्यानं पोरांकडं पाहिलं, दोराकडं पाहिलं, आणि साहेबांना अगदी हळू आवाजात विचारलं, "हज़रत, इनो क्या करे?"

"अब तक तो कुछ नहीं करे," साहेब म्हणाले. "इसी वास्ते बाँध के रखा हूँ!"

जवानानं कडक सलाम ठोकला आणि आम्ही पार होईपर्यंत सगळा चौक अडवून धरला.

*

हात धरण्याचं म्हणाल तर साहेबांनी तो खरोखरच सोडला नाही. रेल्वेत नाही, रस्त्यात नाही, धर्मशाळेत नाही. जेवायला बसले तेव्हा साहेबांचा डावा हात मोकळा ठेवावा तर उजवा अडकतो, उजवा मोकळा ठेवावा तर नामदेवाचा उजवा अडकतो. शेवटी दोघं पाळीपाळीनं जेवले! बाकीची पोरं नाडा धरून का होईना, एकमेकांना चिमटे काढत होती. नामदेव मात्र शाळेतल्या सगळ्यात कडक माणसाला जुंपलेला.

हुसेनसागर पाहून झाल्यावर बागेआमला, म्हणजे शहरातल्या सरकारी बागेत, वाघ पाहायला गेलो. वाघ पिंजऱ्यात होता, तरी साहेब जरा लांबच उभे राहिले. आम्हाला तेव्हा कळलं की आमचे साहेबही कशाला तरी भितात. आणि नामदेवाला तर वाघाच्या मिशा मोजायच्या होत्या! तो निघाला पुढं. हात सोडायचा नाही, म्हणून साहेबही निघाले, पण टाचा रोवत.

"नामदेव, बेटा," साहेब काकुळतीनं म्हणाले, "अम्मा क्या बोले? दूर नक्को जाना बोले ना?"

"दूर न्हाई सायेब," नामदेव ओढतच म्हणाला, "जवळच जाऊन राह्यलो!"

वाघानं जांभई दिली. साहेबांनी डोळे मिटले. पण हात सोडला नाही!

*

धर्मशाळेत झोपायची वेळ झाली आणि नवीनच पेच उभा राहिला. निघण्याआधी प्रत्येक आई साहेबांना एकेकटी गाठून सांगून गेली होती, "मव्हं लेकरू कडंला झोपत न्हाई, त्याला मधी घ्या." आणि साहेब प्रत्येकीला "बराबर, बिलकुल बराबर" म्हणाले होते. आता रांगेत झोपवलं तर दोन पोरं कडेला येणारच. भिंतीशी लावलं तरी कड ती कडच. पोरंही आईचा हवाला देऊन भांडायला लागली.

साहेबांनी जरा विचार केला आणि खडूनं फरशीवर भलं मोठं वर्तुळ काढलं. "सब दायरे में सोएंगे! डोकी आत, पाय बाहेर. बताओ, अब किनारे पे कौन है?"

पोरांनी खूप शोधलं. कडेला कुणीच नव्हतं. सगळी समाधानानं झोपली.

मी विचारलं, "साहेब, मी कुठं झोपू?"

"आप दरवाज़े में," साहेब म्हणाले. "आपकी अम्मा हमको कुछ नहीं बोले!"

*

आता सखाराम धनगराचा सांगतो. हा माणूस अबोल. सभेत एक शब्द बोलला नव्हता. निघायच्या सकाळी त्यानं आपल्या पोराला, बिरूला, शाळेच्या आवारात उभं केलं, सदरा वर केला आणि पाठीवर गेरूचा ठसठशीत पट्टा ओढला. त्याच्या मेंढरांच्या पाठीवर असतो तसाच, अगदी त्याच जागी.

मी म्हणालो, "सखाराम, हे काय?"

"खूण," तो म्हणाला. "जत्रंत धा कळप मिसळू द्या, मव्हं मेंढरू मला बराबर घावतं."

"अरे, पण शहरात तुझी खूण कोण ओळखणार?"

"शहरातल्यानं कशाला वळखायची? मला वळखू आली म्हंजी झालं."

बाकीच्या बापांनी हे पाहिलं मात्र, गेरूचं भांडं हातोहात फिरलं. कुणी फुली काढली, कुणी टिंब, कुणी नांगर. पोरं आतून रंगलेली आणि वरून धुतलेले सदरे घातलेली, अशी स्वारी निघाली.

हैद्राबादेत दुसऱ्या दिवशी साहेबांनी नळाखाली सगळ्यांना एका हातानं साबण लावून आंघोळी घातल्या. नळाचं पाणी ते, पोरं कशाला बाहेर निघतात! खुणा गेल्या वाहून.

परत आलो तेव्हा सखाराम स्टेशनावर हजर होता. बिरू धावत जाऊन त्याला बिलगला. सखारामनं त्याला उलटा फिरवला, सदरा वर केला आणि पाठ पाहिली. कोरी!

"बाबा, मी हाये की, बिरू!"

"तू म्हणतूस रं," सखाराम काळजीत पडला, "पर खूण कुठंय?"

*

शेवटच्या दिवशी गाडीला अवकाश होता. साहेब म्हणाले, "बस, एक गली में सलाम करके निकलते हैं." कुणाला सलाम, ते सांगितलं नाही. एका अरुंद गल्लीत, निळ्या दारासमोर आम्ही थांबलो. दार उघडलं ते एका म्हातारीनं. कंबर वाकलेली, डोक्यावर पांढरी ओढणी. साहेबांनी डाव्या हातात नामदेव धरून उजव्या हातानं आदाब केला.

ती साहेबांची आई होती. सुट्टी लागली की शाळेचं काहीतरी काम निघायचं, त्यामुळं साहेबांचं तिकडं जाणं बरेच दिवस लांबलं होतं.

म्हातारी साहेबांभोवती एक फेरी मारून आली. शेरवानी चाचपली, गाल चाचपले. "सूख गया मेरा बच्चा!"

आमचे सदर साहेब आणि बच्चा! नाड्याच्या मधोमध कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी गर्रकन वळून डोळे वटारले. तशी म्हातारी साहेबांवरच ओरडली, "बच्चों कू घूरते क्या? शरम नहीं आती?"

मग तिनं पोरांना केळी वाटली. फळाला कुणाच्या घरची हरकत नसते, हे तिला बरोबर ठाऊक होतं. पोरं खात होती तेवढ्यात तिनं मला बाजूला घेतलं. "मास्टर साब, उधर जंगल है ना? साँप निकलते बोलते. बीमार पड़ा तो हकीम है क्या? शाम कू मेरे बच्चे कू खाना कौन देते?"

साहेब स्वतःच्या हातानं भाकरी थापतात आणि ती बहुधा करपते, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "सगळं ठीक आहे, अम्मा." पण ते फारसं पटण्यासारखं निघालं नाही.

निघायची वेळ झाली. म्हातारी नुसती रडायला लागली आणि तिनं साहेबांचे हात हातात घेतले. दोन्ही. नामदेवाचा हात सुटला. तो पोरगा मोकळा झाला, पण जागचा हलला नाही. साहेब डोळे पुसत वळले, तेव्हा त्यानंच आपला हात त्यांच्या हातात दिला.

परतूरला गाडी थांबली. गर्दीत सगळ्यात पुढं कौसाबाई. साहेबांनी नामदेवाचा हात तिच्या हातात ठेवला. "लीजिए, आपका बेटा. बराबर."

कौसाबाईनं लेकाला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून पाहिलं. मग साहेबांच्या देखतच विचारलं, "सायबानं हात सोडल्ता का रं?"

नामदेव कधी खोटं बोलत नसे. "एकदा सोडल्ता, माय."

पाटील पुढं सरकले. साहेबांची मान खाली गेली. मला आमची सगळी शाळा गुरांमागं जाताना दिसायला लागली.

"कव्हा?" कौसाबाईनं विचारलं.

"त्यांच्या मायनं त्यांचे दोन्ही हात धरले तव्हा. ती रडून राह्यल्ती."

कौसाबाईनं साहेबांकडं पाहिलं. मग तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "मंग सायेब, मायला सोडून इतक्या जल्दी कामून आलात?"